सुरीसाठी पोलाद कसं निवडावं: कमानपाट्यापासून स्टेनलेसपर्यंत

करवंटीवर घाव घातला आणि कोयत्याच्या धारेचा चंद्रकोरीएवढा तुकडा उडाला, तर बहुतेक वेळा पोलाद गरजेपेक्षा कडक राहिलेलं असतं. त्याच करवंटीवर धार दुमडली, तर ते मऊ राहिलेलं असतं. विकताना मात्र दोन्ही कोयते ‘एकदम मजबूत’ म्हणूनच विकले जातात.

म्हणून ‘मजबूत’ हा शब्द आधी फोडून घ्यावा. कठीणपणा म्हणजे धार दबू न देणं. तो रॉकवेल सी मापावर मोजतात. चिवटपणा म्हणजे आघात आणि वाक सोसणं. धार किती दिवस टिकते हे कठीणपणावर आणि पोलादातल्या कार्बाइडच्या बारीक, कडक कणांवर ठरतं. चौथी गोष्ट गंजाला दाद न देणं. यातली एक वाढवली की दुसरी कुठेतरी घटते. चौथीकडे घाटावर थोडं दुर्लक्ष खपून जातं, गोव्यात नाही. जून ते सप्टेंबर हवा ओली, आणि किनाऱ्यालगत त्या ओलीत मीठ. साध्या कार्बन पोलादाची घासलेली पट्टी रात्री उघडी ठेवली तर सकाळी तिच्यावर तांबूस ठिपके दिसतात.

निवडीचा क्रम असा ठेवावा: आधी सुरीचं काम, मग आपली भट्टी, मग गंज. नवशिके नेमके मधल्या पायरीवर घसरतात. पोलादाचं नाव कितीही भारी असो, त्याला लागणारं तापमान आपल्या भट्टीत धरता येत नसेल तर त्या पट्टीतून सुरी होत नाही, महाग पत्रा होतो.

कार्बनचा हिशेब

पाणी दिल्यावर (म्हणजे लाल तापवून तेलात किंवा पाण्यात झटकन निववल्यावर) पोलाद कडक होणार की नाही, हे मुख्यतः कार्बन ठरवतो. बांधकामाची पट्टी, अँगल, पाइप यांत तो पाव टक्क्याच्या आत असतो, आणि त्यांना कितीही वेळा तापवून बुडवलं तरी धार धरत नाही. टीएमटी सळईबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे: ती कारखान्यात पाण्याच्या फवाऱ्याखालून येते, म्हणून ती कडक, म्हणून तिची सुरी चांगली. तो फवारा फक्त बाहेरची साल घट्ट करतो. आत कार्बन ०.३ टक्क्यापर्यंतच असतो आणि भट्टीत घातल्याबरोबर ती सालही जाते.

ईएन ८ या जातीच्या पोलादात ०.४ टक्के कार्बन असतो. त्याचा हातोडा करावा, सुरी नको. ०.५ ते ०.६५ टक्के हा कोयता-कुऱ्हाडीचा पट्टा. ०.७५ ते ०.८५ मध्ये घरातली जवळजवळ कुठलीही सुरी होते. एक टक्क्याच्या आसपास पातळ, तीक्ष्ण धार मिळते, पण पाणी देताना हात चुकायला जागा उरत नाही. दीड टक्का आणि त्यावर घासून झिजवणाऱ्या कामाला उत्तम, आघाताला वाईट.

आधी काम ठरवा

नारळ सोलणं, फांद्या छाटणं, जळण फोडणं यासाठी पातं ५ ते ६ मिलिमीटर जाड, रॉकवेल ५५ ते ५७ आणि धारेचा कोन दर बाजूला २० ते २५ अंश ठेवावा. इथे चिवटपणा राजा आहे. कार्बन कमी असलेलं स्प्रिंग पोलाद घ्यावं आणि पुढचा विचार सोडून द्यावा.

रोजच्या भाजीच्या सुरीला पाठीवर २ मिलिमीटर पुरे. रॉकवेल ५९ ते ६१, कोन दर बाजूला १५ अंश. विळीचं पातं (गोव्यात आपण आदोळी म्हणतो ती) थोडं मऊ, ५७-५८ वर ठेवलं तर घरी पुन्हा धार लावता येते. फणसाचा चीक आणि केळफुलाचा डाग या दोन्हींना कार्बन पोलाद चटकन बळी पडतं. आधी खोबरेल तेलाचा हात फिरवला की दोन्ही आटोक्यात राहतात.

मासळीचं काम सगळ्यात कठोर. विसवणाचे (सुरमईचे) तुकडे पाडायचे, बांगडा साफ करायचा, वर बर्फाचं खारं पाणी दिवसभर. मांस काट्यापासून वेगळं करायची सुरी १.२ ते १.५ मिलिमीटर, लवचीक, ५७-५८ वर. आणि ती शक्यतो स्टेनलेसची. मधल्या काट्यावर आपटायचं असेल तर वेगळा कोयता ठेवावा. पातळ सुरीने ते काम करायला गेलं की धारेला कंगवा होतो.

काडेपेटीएवढ्या भट्टीतही निभतील अशी पोलादं पहिल्यांदा पाहू.

कार्बन आणि मिश्र पोलादं

पहिली सुरी करणाऱ्याने १०८४ क्रमांकाचं पोलाद किंवा त्याच्या जवळचं सी ८० शोधावं. कार्बन साधारण ०.८ ते ०.९ टक्के, मँगनीज ०.६ ते ०.९. हे प्रमाण असं आहे की ठरावीक तापमानाला पोचलं की सगळा कार्बन एकदम विरघळतो, फार वेळ धरून बसावं लागत नाही. ८१५ अंश सेल्सिअस, कोमट तेल, मग ठिसूळपणा घालवायला ओव्हनमध्ये २०० अंशांवर दोन-दोन तासांचे दोन फेरे (याला टेंपरिंग म्हणतात). ६० च्या आसपास रॉकवेल.

१०९५ नावाने आकर्षक वाटतं, पण त्यात मँगनीज कमी. ८०० वरून ५४० अंशांखाली ते एका सेकंदाच्या आत यावं लागतं. साध्या खाद्यतेलात ५ मिलिमीटरचं पातं तेवढं वेगात निवत नाही: धार कडक, पाठ अर्धवट. पाण्यात बुडवलं तर तडकतं. पातळ सुरीला ठीक, जाडीला नाही.

ईएन ४५ हे गाडीच्या कमानपाट्याचं (लीफ स्प्रिंगचं) जुनं पोलाद. कार्बन ०.५ ते ०.६, सिलिकॉन १.५ ते २ टक्के. कोयत्यासाठी याहून चांगलं आणि स्वस्त काही शोधू नये. ८६० ते ८७० अंश, तेल, आणि २३० ते २५० अंशांवर दोन फेरे. मात्र सिलिकॉनमुळे तापवताना वरच्या थरातला कार्बन लवकर जळतो, म्हणून घासायला दर बाजूला निदान अर्धा मिलिमीटर जास्त ठेवावा. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत ईएन ४५ ऐवजी क्रोमियमवालं एसयूपी ९ किंवा क्रोम-व्हॅनेडियमचं पोलाद असतं. कोयत्याला तीही तितकीच चालतात, फक्त तापमान ८३० ते ८५० पुरतं.

ईएन ३१ हे बेअरिंगचं पोलाद: एक टक्का कार्बन, १ ते १.६ टक्के क्रोमियम. भाजीच्या सुरीला धार सुंदर येते आणि टिकते. अट एकच: ८४५ अंशांवर दहा मिनिटं स्थिर धरता आलं पाहिजे. कोळशाच्या भट्टीत हे अवघड. तापमान ९०० च्या वर गेलं की कण फुगतात आणि पातं काचेसारखं मोडतं.

ओएचएनएस (तेलात कडक होणारं, न आकसणारं पोलाद) हे टूलरूमचं नाव. वेर्णा, कुंडईसारख्या औद्योगिक वसाहतीत साचे करणाऱ्यांकडे याचे उरलेले तुकडे असतात. कार्बन ०.८५ ते १ टक्का, थोडं टंगस्टन, थोडं क्रोमियम. ८०० ते ८१५ अंश, दहा-पंधरा मिनिटं धरून तेलात. हे कमी वाकतं, म्हणून लांब सुरीला चांगलं. त्याच टूलरूममध्ये एचसीएचसीआर (जास्त कार्बन, जास्त क्रोमियमचं पोलाद) हेही मिळतं, आणि इथे सावध राहावं. या एका नावाखाली डी २ आणि डी ३ दोन्ही विकली जातात. डी २ मध्ये दीड टक्का कार्बन, डी ३ मध्ये दोनच्या वर. डी ३ सुरीला फार ठिसूळ. डी २ ची धार महिनोन्महिने टिकते, पण त्याला १०१० ते १०२० अंश लागतात, तेही इलेक्ट्रिक भट्टीत. शिवाय १२ टक्के क्रोमियम असूनही ते गंजतं, कारण बरंचसं क्रोमियम कार्बाइडमध्ये अडकून पडलेलं असतं.

भंगारातलं पोलाद: घ्यावं का?

कोयता, विळी यांसाठी जरूर घ्यावं. भाजीच्या सुरीसाठी नवी पट्टी आणावी. एका सुरीला लागतं अर्धा किलो पोलाद आणि मेहनत दोन-तीन दिवसांची. पोलादाच्या पैशात केलेली काटकसर त्या मेहनतीवर बेतते.

खनिज वाहणाऱ्या टिपरच्या पाट्यांनी आयुष्यभर खड्डे आणि ओझं सोसलेलं असतं. वरून धड दिसले तरी आत केसाएवढ्या भेगा असतात आणि त्या नेमक्या पाणी देताना उघडतात. तपासायची रीत सोपी: पाटा तारेच्या ब्रशने घासावा, तासभर रॉकेलमध्ये बुडवावा, कोरडा पुसावा आणि खडूची पूड चोळावी. भेगेत शिरलेलं रॉकेल पांढऱ्या पुडीवर ओली रेघ काढतं. मधल्या बोल्टच्या भोकाजवळचा भाग तर न तपासताच कापून टाकावा.

बेअरिंगच्या लहान कड्या बहुधा आरपार कडक पोलादाच्या असतात. मोठ्या टेपर रोलर बेअरिंगच्या कड्यांचं मात्र नुसतं आवरण कडक आणि गाभा कमी कार्बनचा असू शकतो. कानशींचंही तसंच: चांगली कानस म्हणजे एक टक्क्यावर कार्बन, स्वस्त कानस म्हणजे कडक सालीचं मऊ लोखंड. कानस घडवायची असेल तर आधी दात पूर्ण घासून काढा, नाहीतर ते घडीत दबतात आणि प्रत्येक दात एक भेग होतो. यंत्रावरच्या करवतीचं जुनं पान अख्खं हाय स्पीड स्टीलचं असायचं. आता बहुतेक पानांत फक्त दात तसे असतात. जस्ताचा मुलामा असलेलं काहीही भट्टीत घालू नये, त्या पांढऱ्या धुराने थंडी वाजून ताप भरतो. आणि कोकण रेल्वेच्या रुळावरची क्लिप हातात आली तर ती स्प्रिंग पोलादाची आहे हे खरं, पण ती रेल्वेची मालमत्ता आहे. बेकायदा मिळवलेली अशी वस्तू बाळगणं १९६६ च्या कायद्याने गुन्हा ठरतो. ती घेऊच नये.

अनोळखी तुकड्याची परीक्षा अशी घ्या:

१. ग्राइंडरवर ठिणगी पाहा, सावलीत. लांब, पिवळट, कमी फाटे म्हणजे मऊ लोखंड. चाकाजवळच फुटणारी दाट फुलं म्हणजे भरपूर कार्बन. आखूड, नारिंगी आणि बिनफुलांची ठिणगी स्टेनलेसची, गडद लाल आणि तुरळक ठिणगी हाय स्पीडची. शेजारी ओळखीचा तुकडा ठेवून तुलना करा, नुसत्या आठवणीवर जाऊ नका.

२. बोटभर लांब, ३ मिलिमीटर जाड पट्टी कापा. चुंबक चिकटेनासा होईपर्यंत तापवा (हे ७७० अंशांच्या आसपास होतं), आणखी किंचित वर न्या आणि कोमट तेलात बुडवा.

३. वरची काळी साल घासून नवी कानस फिरवा. कानस काचेवरून जावी तशी घसरली तर कडक झालं. चावली तर साल पुरती निघाली का ते आधी पाहा. बऱ्याच जणांनी चांगलं पोलाद याच एका चुकीपायी फेकून दिलेलं असतं.

४. डोळ्यांना चष्मा लावून, कापडात गुंडाळून, पकडीत धरून तो तुकडा मोडा. आतला पोत राखाडी, मखमलीसारखा हवा. साखरेसारखे चमकते दाणे दिसले तर तापमान जास्त झालं. मोडण्याऐवजी वाकला तर कार्बनच नाही.

पहिल्या पायरीला पास होऊन चौथ्या पायरीला नापास होणारे तुकडे पुष्कळ भेटतात. म्हणून पाट्याची पूर्ण लांबी घडवण्याआधी प्रत्येक पाट्याचा असा एक तुकडा मोडलाच पाहिजे. गाडीच्या एकाच बाजूचे दोन पाटेही कधी वेगळ्या पोलादाचे निघतात, मधे एखादा बदललेला असतो.

आपल्या भट्टीचं तापमान

उन्हात लाल रंग ओळखता येत नाही. दुपारच्या उजेडात जो लालसर वाटतो तो सावलीत नारिंगी असतो, म्हणजे पोलाद शंभर अंश जास्त तापलेलं असतं. संध्याकाळी किंवा काळोख्या पडवीत काम करावं. साधनं नसतील तर मीठ कामाला येतं: स्वयंपाकाचं मीठ ८०१ अंशांना वितळतं. तापलेल्या पात्यावर चिमूटभर टाकलं आणि ते पाण्यासारखं ओलं होऊन पसरलं, तर १०८४ साठी आपण अगदी जवळ आलो आहोत. ही खूण सरावाच्या तुकड्यावर घ्यावी, खऱ्या पात्यावर नको. मिठाने पुढे गंज लागतो.

तेल चार ते पाच लिटर, उभ्या लोखंडी डब्यात, घट्ट झाकणासह. शेंगदाण्याचं किंवा सरकीचं चालतं. खोबरेलही चालतं, पण ते २४ अंशांखाली थिजतं, त्यामुळे डिसेंबरच्या पहाटे आधी वितळवून घ्यावं लागतं. कुठलंही तेल ५० ते ५५ अंश कोमट करा. गार तेल दाट असतं, पात्याभोवती वाफेचा थर धरून ठेवतं आणि पातं हळू निवतं. जुनं इंजिन ऑइल फुकट मिळतं म्हणून वापरू नये. त्याचा धूर विषारी असतो आणि सुरीचं काम शेवटी स्वयंपाकघरातच आहे.

पाणी देण्याआधी धार अर्धा ते पाऊण मिलिमीटर जाड ठेवा. त्याहून पातळ धार लाटेसारखी वाकते किंवा चिरते. पातं उभं, टोक खाली, सरळ रेषेत आत. आडवं हलवलं तर एक बाजू आधी निवते आणि पातं केळ्यासारखं होतं. बाहेर काढताना ते अजून हाताला चटका देण्याइतकं गरम असेल तर पुढच्या अर्ध्या-एक मिनिटात हातमोजे घालून सरळ करता येतं. नंतर जोर लावाल तर मोडेल. ‘टिंग’ असा बारीक आवाज आला तर त्या पात्यावर पुढची मेहनत करू नये, भेग दिसो वा न दिसो.

लगेच, त्याच दिवशी, ओव्हनमध्ये. घरगुती ओव्हनची सुई २० अंश इकडेतिकडे सहज दाखवते. आत वेगळा थर्मामीटर ठेवा आणि पातं वाळूच्या ताटात पुरा. घासलेल्या जागेवर फिका गवती रंग साधारण २०० ते २२०, तपकिरी २५०, निळा ३०० च्या पुढे. पुढे ग्राइंडरवर धार काढताना टोकाला हाच निळा डाग दिसला तर तेवढी धार मऊ पडली. हातमोजा न घालता घासा आणि चटका बसायच्या आत पाण्यात बुडवा. बोटं इथे चांगला थर्मामीटर आहेत.

स्टेनलेस: कुठे फसगत होते

ताटवाट्यांचं ३०४ कडकच होत नाही. त्यात १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल आणि कार्बन ०.०८ च्या आत. चुंबक चिकटला म्हणजे सुरीचं स्टेनलेस, हा निकषही अपुरा आहे: ४३० ला चुंबक चिकटतो, तरी तेही कडक होत नाही.

बाजारातल्या स्वस्त सुऱ्या ४२० जातीच्या, कार्बन ०.३ टक्क्याच्या आसपास. गंजत नाहीत, पण दोन विसवण कापले की धार गेली. १.४११६ या क्रमांकाच्या जर्मन जातीत अर्धा टक्का कार्बन आणि १५ टक्के क्रोमियम. खाणावळीच्या स्वयंपाकघराला हे बरोबर पडतं, कारण रोज दोनदा स्टीलच्या दांडीवर घासून धार परत येते. एईबी-एल मध्ये ०.६७ टक्के कार्बन, १३ टक्के क्रोमियम. पातळ धारेला फार चांगलं. मिठाच्या पाण्यात त्याहून सरस १४सी२८एन, ज्यात थोडा नायट्रोजन घातलेला असतो. मासळीच्या सुरीला एकच पोलाद सुचवायचं तर हेच. ४४० सी मध्ये एक टक्का कार्बन आणि १६ ते १८ टक्के क्रोमियम. धार टिकते, पण दाणा जाड, म्हणून १५ अंशांच्या कोनावर ती बारीक बारीक तुटते.

यातलं कुठलंही कोळशाच्या भट्टीत करायला जाऊ नये. १०४० ते १०८० अंश काही मिनिटं अचूक धरायचे, तेही हवा न लागता. पट्टी कापून, भोकं पाडून, साठ टक्के घासून व्हॅक्यूम भट्टीवाल्याकडे पाठवावी. बेळगाव, कोल्हापूर, पुणे या बाजूला फाउंड्री आणि यंत्रसामानाचा व्यवसाय मोठा आहे, तिथे अशी सोय मिळते. त्यांचे पैसे बहुधा किलोवर आणि किमान रकमेवर असतात, म्हणून दोघा-तिघांनी मिळून दहा-पंधरा पाती एकदम द्यावीत. सोबत चिठ्ठीवर पोलादाची जात, हवा असलेला रॉकवेल आकडा आणि ‘भोकांतून तारेने लटकवा, आडवी ठेवू नका’ एवढं लिहावं. परत आल्यावर रॉकवेलचा कागद मागून घ्यावा.

नवी पट्टी घेतानाही टेस्ट सर्टिफिकेट मागा आणि त्यावरचा हीट नंबर (पोलाद वितळवलेल्या घाण्याचा क्रमांक) पट्टीवर रंगवलेल्या नंबराशी जुळवून पाहा. ‘ईएन ३१ च आहे, डोळे झाकून घ्या’ या वाक्याला काही अर्थ नसतो. कागद नसेल तर वर सांगितलेला तुकडा मोडायचा.

पावसाळ्यासाठी

कार्बन पोलादाची तयार सुरी व्हिनेगरमध्ये अर्धा तास बुडवली की करडा-काळा थर धरते. त्याने गंज थांबत नाही, पण मंदावतो. आमसोल, कैरी, लिंबू कापल्यावर लगेच धुवून कोरडी करावी आणि खोबरेलचा पातळ हात द्यावा. चामड्याच्या म्यानात पावसाळाभर ठेवू नये. चामडं ओल धरतं आणि दोन आठवड्यांत पात्यावर खड्डे पडतात. मुठीतल्या फटी रेझिनने बुजवाव्यात, कारण दिसणाऱ्या पात्याआधी मुठीतला शेपटा गंजतो.

उरलेल्या पट्टीच्या दोन्ही टोकांना पोलादाचं नाव रंगवा किंवा पंचाने ठोका, कागदी चिठ्ठी चिकटवू नका; ऑगस्टपर्यंत ती गळून पडते आणि पट्टी पुन्हा अनोळखी होते.